अवजारांचे ओझे : तांत्रिक लेखनाच्या व्यवसायाविषयी काही विचार

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घराजवळच्या मुलींच्या वसतिगृहातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली, मराठी नेटके लिहिणारी, इंग्रजी कष्टाने कमावलेली. तिच्या हातात नोकरीच्या जाहिरातीचा छापील कागद होता. जागा तांत्रिक लेखकाची. कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "सर, यातलं आधी कुठलं शिकू?" जाहिरातीत नऊ सॉफ्टवेअरची नावे होती. लिहिता येण्याविषयी एकच ओळ, तीही तळाशी. यातली चार साधने तीन महिन्यांत शिकवण्याचे शहरातल्या एका खाजगी वर्गाने तीस हजार रुपये सांगितले होते. आईवडील शेतमजूर. पैसे मामा उसने देणार होता.

गेली पंचवीस वर्षे मी हा व्यवसाय करतो. तरी तिच्या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता आले नाही. मी जे काही बोललो त्याने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. म्हणून हा लेख.

तांत्रिक लेखक म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्या चळवळीतल्या सुशिक्षित मित्रांनाही हा व्यवसाय ठाऊक नसतो. यंत्र विकत घेतले की त्यासोबत एक पुस्तिका येते. यंत्र कसे बसवावे, कसे चालवावे, बिघडले तर काय करावे, कोणत्या ठिकाणी हात घालू नये. सॉफ्टवेअरलाही अशीच माहिती लागते. ती लिहिणारा तो तांत्रिक लेखक. तो यंत्र घडवत नाही आणि चालवतही नाही. घडवणाऱ्याच्या डोक्यात जे आहे ते चालवणाऱ्याच्या हातापर्यंत पोचवण्याचे काम त्याचे. त्याचा दिवस खरे तर विचारण्यात जातो, जायला हवा. अभियंत्याच्या मागे लागून विचारायचे, यंत्रापुढे बसून स्वतः करून पाहायचे, चुकायचे, पुन्हा विचारायचे आणि मग चार वाक्ये लिहायची. पुण्यात हजारो माणसे संगणकाच्या कंपन्यांत काम करतात, त्यांत या जातीचे लेखकही बरेच आहेत. 'या जातीचे' हा शब्दप्रयोग सवयीने आला, राहू द्यावा.

आता अवजारांकडे वळू. आमच्या कचेरीत त्यांना 'टूल' म्हणतात.

लेखनासाठी संगणक वापरण्याची सुरुवात अगदी साधी होती. १९६४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जेरोम सॉल्ट्झर यांनी 'रनऑफ' नावाचा कार्यक्रम लिहिला. मजकूर टंकायचा, मध्ये मध्ये बिंदूने सुरू होणाऱ्या आज्ञा द्यायच्या, की यंत्र ओळी जुळवून छापून देई. १९७१ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली पहिल्यांदा खऱ्या उपयोगाला लागली ती तिथल्या पेटंट विभागाच्या टंकलेखनासाठी. यंत्र विकत घ्यायला वरिष्ठांची मंजुरी मिळाली तीच मुळी मजकूर जुळवण्याची सोय करू या आश्वासनावर. पुढे १९८६ साली फ्रेममेकर आले. शेकडो पानांची पुस्तके, चित्रे आणि संदर्भांसकट सांभाळणारे हे साधन आमच्या व्यवसायात दीर्घकाळ ठाण मांडून बसले. १९९२ मध्ये पडद्यावरची मदत लिहिण्यासाठी रोबोहेल्प आले. २००५ मध्ये आयबीएममध्ये जन्मलेली 'डिटा' ही मांडणीची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी लिनस टॉरवाल्ड्स यांनी प्रोग्रॅमर लोकांसाठी 'गिट' लिहिले आणि दहाएक वर्षांत ते लेखकांच्याही गळ्यात पडले. साधी गोष्ट घ्या : १९८९ साली विंडोजसाठी आलेल्या वर्डच्या पहिल्या आवृत्तीत बटणांच्या दोन पट्ट्या होत्या. २००३ च्या आवृत्तीत त्या तिसाच्या वर गेल्या. माणसांना बटणे सापडेनात म्हणून २००७ साली त्याच कंपनीने सगळी मांडणीच मोडून नवी केली, आणि ज्यांना जुनी बटणे पाठ झाली होती त्यांचे हात पुन्हा आंधळे झाले.

एवढे सांगून मी थांबलो तर वाचक म्हणेल, हा जुन्याचे गोडवे गाणारा माणूस. तसे नाही. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या एकच हत्यार ठेवले गेले आणि तेच तुमचे नशीब असे सांगितले गेले, त्यांच्या घरातून मी आलो आहे. अवजार बदलणे ही आमच्या लेखी मुक्तीचीच एक खूण आहे. प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला समजला तो माझ्या वडिलांवरून.

वडील छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. इंग्रजीच्या केसला खण थोडे. देवनागरीचे मात्र तसे नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे यांचे खिळे वेगवेगळे, त्यामुळे खणांची संख्या शेकड्यांत. मजकूर उलटा वाचायचा, डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवर. नवा मुलगा कामाला लागला की केस पाठ व्हायलाच त्याचे सहा महिने जात. म्हणजे अवजार गुंतागुंतीचे होते, माझ्या कोणत्याही सॉफ्टवेअरइतकेच. पण वडील मजकुराकडे पाहत आणि हात आपोआप 'क्ष' च्या खणात जाई. लेखकाची चूक त्यांना जुळवता जुळवता दिसे. एका प्राध्यापक महाशयांच्या लेखात सन चुकला होता तो त्यांनी निरोप पाठवून दुरुस्त करून घेतला होता. हे त्यांना का जमले? केस एकदा शिकली की ती तीस वर्षे तशीच राहणार होती. सहा महिन्यांची मेहनत तीस वर्षांवर वाटली गेली. हात मोकळा झाला की डोके मजकुरात जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की, गुंतागुंत हा मुख्य गुन्हेगार नव्हे. गुंतागुंत आणि अस्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच पोत्यात भरतो. मी पंचवीस वर्षांत सात मोठी साधने शिकलो. प्रत्येक साधनात हात बसायला वर्ष जाते. हात बसतो न बसतो तोच कंपनी ठरवते की आता दुसरे. म्हणजे मी पंचवीस वर्षांचा अनुभवी कारागीर नसून सात वेळा उमेदवारी केलेला माणूस आहे. वडिलांच्या हाताला जे सुख मिळाले ते माझ्या हाताला मिळालेले नाही.

अर्थात वडिलांचे सुखही टिकले नाही. डीटीपी आले, छापखान्याने खिळे वजनावर मोडीत विकले. मालकाने संगणकावर बसायला दुसरा मुलगा घेतला, वडिलांना कोणी शिकवले नाही. शिशाच्या धुळीतून सुटका झाली हे चांगलेच झाले. पण शुद्धलेखनाचे जे ज्ञान त्या माणसाच्या बोटांत होते तेही खिळ्यांबरोबर मोडीत गेले. त्यानंतर मराठी डीटीपीचे जे झाले ते आपल्यातल्या प्रत्येक संपादकाने भोगले आहे. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची अक्षरांची जुळणी वेगळी. एका फॉन्टमध्ये टंकलेला लेख दुसऱ्या ठिकाणी उघडला की नुसता चिन्हांचा चिखल. १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरी होती. पण ती आपल्या छपाईत उतरायला पुढे कित्येक वर्षे गेली. दरम्यान जे टंकले गेले त्यातले बरेचसे पुन्हा टंकावे लागले. ही मजुरी कोणाच्या हिशोबात धरली गेली?

आता साधने इतकी अवजड का झाली, याचे कारण पाहू. त्यामागे केवळ धंदेवाईक लबाडी नाही. युरोपीय संघात यंत्र विकायचे तर ज्या देशात ते वापरले जाणार त्या देशाच्या भाषेत सूचना द्याव्या लागतात. तसा २००६ सालचा निर्देशच आहे. संघाच्या अधिकृत भाषा चोवीस. एका यंत्राची पाच मॉडेले असतील तर पुस्तिका किती झाल्या, हिशोब करा. इशाऱ्याचे एकच वाक्य शंभर ठिकाणी येते. ते बदलायचे तर शंभर ठिकाणी शोधत बसायचे आणि प्रत्येक भाषेत पुन्हा अनुवादाचे पैसे भरायचे. यावर उपाय निघाला तो असा : मजकुराचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एकदाच लिहायचा, आणि जिथे जिथे हवा तिथे त्याला बोलवायचे. काही वाक्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावायच्या : हे वाक्य फक्त अमुक मॉडेलसाठी. शेवटी यंत्राला सांगायचे की अमुक मॉडेलची पुस्तिका बनव, की ते तुकडे गोळा करून, चिठ्ठ्या पाहून, नको ती वाक्ये गाळून पुस्तिका तयार करते.

ही कल्पना सुंदर आहे, आणि मोठ्या कारखान्यात तिने अनुवादाचा खर्च खरोखर वाचवला आहे. पण नीट पाहा, वाचले काय? अनुवादाचे पैसे. वाढले काय? लेखकाचे काम. पूर्वी तो परिच्छेद लिहीत असे. आता त्याने तुकडा लिहायचा, त्याला प्रकार ठरवून द्यायचा, नाव द्यायचे, चिठ्ठ्या लावायच्या, नकाशात बसवायचा, आणि तो आणखी कोणकोणत्या पुस्तिकांत शिरला आहे हे लक्षात ठेवायचे. फायदा एका खात्यात जमा होतो आणि श्रम दुसऱ्या खात्यात खर्ची पडतात. मग वर्षअखेरीला साहेब विचारतात, एवढे महाग साधन घेऊन दिले तरी तुमची उत्पादकता वाढत का नाही?

तुकड्यांच्या पद्धतीत आणखी एक खोच आहे, ती मी अंगावर घेतली आहे. मी ज्या कंपनीत होतो ती विजेच्या पॅनेलची नियंत्रण यंत्रणा बनवीत असे. काही मॉडेलांत दार उघडताच वीजपुरवठा आपोआप तुटे, काहींत तुटत नसे. ज्यांत तुटत नसे त्यांच्या पुस्तिकेत दुरुस्तीची पहिली पायरी होती : मुख्य स्विच बंद करा आणि त्याला कुलूप लावा. या वाक्यावर चिठ्ठी होती. आम्ही जुन्या साधनातून नव्या साधनात मजकूर हलवला. सहा महिने दुसरे काही केले नाही. त्या स्थलांतरात एका मॉडेलच्या चिठ्ठीचे नाव एका ठिकाणी आडव्या रेघेने आणि दुसऱ्या ठिकाणी खालच्या रेघेने लिहिले गेले. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखेच. यंत्राला ती दोन नावे. त्याने त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून ती पायरी गाळून टाकली.

आणि हे कोणाच्याही लक्षात आले नाही. मजकूर तपासला गेला होता, दोघांनी तपासला होता, त्यातला एक मी. पण आम्ही तो साधनाच्या आत तपासला. तिथे सगळी वाक्ये रंगीबेरंगी पट्ट्यांसह दिसत होती, ते वाक्यही दिसत होते. तयार होऊन बाहेर पडलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोणी वाचली नाही. पाच मॉडेलांच्या पाच पुस्तिका वाचायला वेळ कुठून आणणार? वेळ तर स्थलांतराने खाल्ला होता. शेवटी एका साखर कारखान्यातल्या जुन्या वायरमनने फोन केला. "साहेब, तुमच्या पुस्तकात एक पायरी गळालीय," एवढेच तो म्हणाला. त्याला ती पायरी पाठ होती म्हणून त्याने स्विच बंद केला होता. नवा पोरगा असता तर? त्या रात्री मला झोप आली नाही. कंपनीने या प्रसंगावर उपाय म्हणून काय केले असेल? चिठ्ठ्या तपासणारे आणखी एक साधन विकत घेतले. ते शिकायला आम्हाला दोन दिवस दिले.

या संदर्भात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी सांगितलेली एक हकिकत मला वारंवार आठवते. १९६० च्या दशकात आयबीएममध्ये एका प्रचंड सॉफ्टवेअरचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. सर्वांसाठी एक कामाची वही ठेवली होती. ती वाढत वाढत पाच फूट जाडीची झाली. रोज बदललेली दीडशेच्या आसपास पाने येत आणि प्रत्येकाने ती आपापल्या प्रतीत घालायची. हे काम इतके कंटाळवाणे की शेवटी सगळे सूक्ष्मचित्रांच्या फिल्मवर घेतले. पैसे वाचले, जागा वाचली. पण व्यवस्थापक म्हणून त्यांना एक तोटा दिसला : पाने हाताने घालताना माणसे बदल वाचत होती, फिल्म आल्यावर ती सक्ती गेली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात ही गोष्ट आहे आणि ती आमच्या पाच पुस्तिकांना तंतोतंत लागू पडते. ज्या श्रमाला आपण फालतू म्हणतो त्याच्या पोटात कधी कधी वाचन लपलेले असते. अवजार तो श्रम वाचवते आणि वाचनही वाचवते.

याच ब्रुक्स यांनी १९८६ साली एक भेद मांडला, तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. कामातल्या अडचणी दोन प्रकारच्या. एक, कामाच्या स्वभावातच असलेल्या. दुसऱ्या, साधनांमुळे योगायोगाने आलेल्या. साधने सुधारली की दुसऱ्या प्रकारच्या अडचणी कमी होतात, पहिल्या तशाच राहतात. ते बोलत होते प्रोग्रॅम लिहिण्याविषयी. आमच्या व्यवसायात स्वभावातली अडचण कोणती? अभियंता वेळ देत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते त्याला सांगता येत नाही. यंत्र वापरणारा माणूस कोण, त्याची भाषा कोणती, तो अंधारात काम करतो की उजेडात, हे आम्हाला कोणी दाखवत नाही. माझ्या पंचवीस वर्षांत मला ग्राहकाच्या कारखान्यात चारदा नेले. साधनांच्या प्रशिक्षणाला किती वेळा नेले ते मी मोजलेलेही नाही. स्वभावातली अडचण सोडवायला पैसा नाही; योगायोगाची अडचण सोडवायला आहे, कारण ती विकत घेता येते आणि विकत घेतली की कागदावर दाखवता येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. दोष सगळा साधनांचा किंवा साहेबांचा नाही. आम्हीही नीट शिकत नाही. आयबीएमच्याच संशोधन केंद्रातील जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली हे दाखवून दिले होते. माणसाला काम उरकायचे असते, अवजार शिकायचे नसते. त्यामुळे तो जेवढ्यास तेवढे शिकतो, कसेबसे काम भागले की थांबतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच लांबच्या वाटेने जात राहतो. हे मूर्खपणाचे नव्हे. आजचे काम आज द्यायचे असते. माझ्या शेजारी बसणारा सहकारी आठ वर्षे एक अनुक्रमणिका हाताने लावीत होता. ती दोन कळांत होते हे त्याला कळले ते निरोप समारंभाच्या आठवड्यात. तो हसला, पण त्याचा चेहरा पाहवला नाही. कॅरोल यांचा दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. शब्दलेखनाच्या यंत्रावर नवशिक्याला बसवताना त्यांनी प्रगत आज्ञा चक्क बंद करून ठेवल्या, लहान मुलाच्या सायकलला मागे दोन छोटी चाके लावतात तसे. माणसे लवकर शिकली. साधन बनवणाऱ्याला ही अक्कल १९८४ मध्येच उपलब्ध होती. पण आज कोणतेही नवे साधन उघडा, पहिल्या दिवशी ते सगळा बाजार तुमच्यापुढे मांडते.

मोजमापाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. उत्पादकता म्हणजे काय, याचे उत्तर आमच्या व्यवसायात कोणी दिलेले नाही, म्हणून जे मोजता येते ते मोजतात. पूर्वी पाने मोजत. आता साधनच मोजून देते : किती तुकडे लिहिले, किती पुन्हा वापरले, किती तिकिटे बंद केली. चांगला लेखक चाळीस ओळींच्या बारा ओळी करतो. मोजणाऱ्या यंत्राच्या हिशोबात तो दिवसभर रिकामा बसलेला असतो. रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ सालीच म्हटले होते की संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञांत त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मी आपला माझ्या मेजापुरते बोलतो.

अलीकडे या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि वर्षभरात आमच्याकडे आदेश आला की मसुदा यंत्राकडून करून घ्या आणि तुम्ही फक्त तपासा. मी वापरतो. इंग्रजीची वाक्ये ते माझ्यापेक्षा गुळगुळीत लिहिते, आणि ज्याला इंग्रजीचा न्यूनगंड शाळेपासून चिकटवलेला आहे त्याला हा आधार लहान नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण जी पायरी यंत्रात नाहीच ती पायरीही ते तितक्याच गुळगुळीतपणे लिहिते. मग ती खरी की खोटी हे पाहायला पुन्हा अभियंत्याच्या दारात उभे राहायचे. २०२५ साली अमेरिकेतील एका संशोधन संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रॅमर घेऊन प्रयोग केला. अशी साधने वापरता आली तेव्हा त्यांना एकोणीस टक्के वेळ अधिक लागला. त्यांना स्वतःला मात्र काम वीस टक्के लवकर झाले असे वाटत होते. हे प्रोग्रॅमर होते, लेखक नव्हते, आणि सोळाच होते. साधनेही रोज बदलत आहेत. तेव्हा यावरून मोठा सिद्धान्त काढू नये. पण 'वाटणे' आणि 'होणे' यांतले हे अंतर मला ओळखीचे वाटले.

आता पुन्हा त्या जाहिरातीकडे. आपल्या दृष्टीने खरा मुद्दा तिथेच आहे. नऊ साधनांची नावे जाहिरातीत का असतात? लेखन पारखणे कठीण असते. साधनाचे नाव तपासणे सोपे. मुलाखत घेणाऱ्याला लेखन कळत नसले तरी यादीवर खुणा करता येतात. मी एका मुलाखतीला बसलो होतो तेव्हा मला पंचेचाळीस मिनिटांत माझे एकही पान कोणी मागितले नाही. एका साधनाची कितवी आवृत्ती वापरली आहे, हे दोनदा विचारले. आणि ही साधने कोणाला शिकता येतात? यांतली काही फुकट आहेत, गिट फुकट आहे, मार्कडाउन तर एका दुपारी येते. पण महाग साधनांचा परवाना विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर, आणि ती ज्या कचेऱ्यांत आहेत तिथे शिरायला ती आधी येत असावी लागतात. हा दरवाजा कोणी जातीचे नाव घेऊन बंद केलेला नाही. त्याची किल्ली तीस हजारांची आहे, एवढेच. आणि साधन तीन वर्षांनी बदलले की किल्लीही बदलते, मग पुन्हा मामा.

म्हणून मी त्या मुलीला वर्गाचे नाव सांगितले नाही. म्हटले, तुमच्या वसतिगृहाची पाण्याची मोटर कशी चालू करायची ते एका कागदावर लिही, आणि ज्याने ती कधी चालवली नाही त्याच्या हातात दे. तिला हे फारसे आवडलेले दिसले नाही. तरी तिने लिहिले. रखवालदाराशी दोनदा बोलली, मोटरपाशी जाऊन पाहिले, सात पायऱ्या केल्या, मराठीत आणि इंग्रजीत. रविवारी सकाळी आम्ही दोघे तिथे गेलो. तो कागद तिने स्वयंपाकघरातल्या नव्या मावशींच्या हातात दिला. पहिल्या दोन पायऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या पायरीत लिहिले होते, "पाणी भरून घ्या." पंपाच्या पोटात पाणी भरून हवा काढायची, असे तिला म्हणायचे होते. मावशींनी कोपऱ्यातली बादली उचलली, नळाखाली भरली आणि बाजूला ठेवून दिली. मग म्हणाल्या, "भरलं. पुढं?"

मुलगी हसली, मग गप्प झाली. कागद परत घेऊन तिथेच पायरीवर बसली आणि ते वाक्य तीनदा लिहून खोडले. चौथ्यांदा लिहिलेले वाक्य वाचून मावशींनी पंपाचे बूच उघडले. वर्गाचे पैसे भरायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही. मामाला होकार कळवायची मुदत या महिनाअखेर आहे.